वाचलं की आलं असं वाटतं, पण राहत का नाही? (अभ्यास आणि रात्रीची काळजी)

पुस्तकी_जळगाव

जळगावात माझी अभ्यासिका आहे. बसणारी पोरं बहुतेक खेड्यांवरची. चोपडा, यावल, पारोळा, काही साक्री-शहाद्याकडची. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा, जी जाहिरात निघेल ती. सकाळी सातला येऊन जागा धरतात आणि रात्री शटर ओढायच्या वेळी उठवावं लागतं. कष्टात कोणी कमी नाही. तरी सराव परीक्षा झाली की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "सर, बठ्ठं वाची टाकं, पन ध्यानमा काहीच ऱ्हात नही." म्हणजे सगळं वाचून टाकलं, पण लक्षात काहीच राहत नाही.

त्यांची पुस्तकं उघडून बघा. पिवळा, हिरवा, गुलाबी. पानावर पांढरी जागा शोधावी लागते. तेच प्रकरण पुन्हा वाचताना डोळे सरसर पळतात, कुठे अडत नाही, आणि वाटतं की हे आपल्याला येतं. ते फक्त ओळखीचं झालेलं असतं.

2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा चार फेऱ्यांत वाचत राहायचा. दुसऱ्याने एका फेरीत वाचायचा आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा न बघता आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले, आठवून लिहिणारे 61 वर होते. आणि गंमत म्हणजे "आपल्याला हे लक्षात राहील" असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

आता दुसरी गोष्ट, रात्रीची. हीच पोरं खोलीवर जाऊन पडतात आणि सुरू होतं. कपाशीला भाव नाही, वय निघून चाललं, बापाने कर्ज काढून पाठवलं, मित्राचं सिलेक्शन झालं. दोन-दोन तास तेच दळण. आणि त्यातही असं वाटत राहतं की आपण काहीतरी विचार करतोय, त्यातून मार्ग निघेल. निघत काही नाही, सकाळी डोकं जड असतं एवढंच.

मला या दोन्ही एकाच जातीच्या फसवणुकी वाटतात. वाचतोय म्हणून येतंय असं वाटणं आणि काळजी करतोय म्हणून काही करतोय असं वाटणं. दोन्हीवर मी पोरांना एकच सांगतो: डोक्यातलं कागदावर काढ, मग कळेल किती आहे आणि काय आहे. तुमचं मत सांगा. शिक्षक आणि या विषयातले लोक असतील तर जास्त बरं.

चहाटळ_अमळनेर

म्हणजे रात्रभर वाचून सकाळी कोरं व्हायचं याला शास्त्रीय आधार आहे तर. आमच्या वेळी सांगितलं असतं तर मास्तरांचा मार वाचला असता ना भो.

तलाठी_होणारच

सर, मी तुमच्यासारख्याच एका अभ्यासिकेत बसतो, म्हणून स्पष्ट विचारतो. आमची परीक्षा पर्यायांची आहे. चारपैकी एक ओळखायचं. मग आठवून लिहायची मेहनत कशाला? ओळखीचं झालं तरी पुरे ना? आणि सिलॅबस बघितला तर वाचायलाच वेळ पुरत नाही, लिहायचं कधी?

पुस्तकी_जळगाव

चारही पर्याय ओळखीचे दिसावेत असेच काढलेले असतात, भाऊ. पेपर काढणाऱ्याला माहीत आहे की तुम्ही 1961 पण वाचलंय आणि 1962 पण वाचलंय. तिथे "हे कुठेतरी बघितलंय" या भावनेवर गोल काळा केला आणि चुकला, की राज्यसेवा पूर्वला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापला जातो. ज्याने एकदा स्वतःच्या डोक्यातून तारीख ओढून काढलीय तो तिथे अडकत नाही.

वेळेचं म्हणाल तर निबंध नको. प्रकरण संपलं की पुस्तक मिटा, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते तुटक लिहा. मग पुस्तक उघडून जे सुटलं तेवढंच लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी फक्त लाल बघा. चौथ्यांदा वाचण्यापेक्षा याला कमीच वेळ लागतो.

खडूफळा_शिंदखेडा

जिल्हा परिषद शाळेत आहे. वरच्या मुद्द्यात माझी भर, लहान वर्गांसाठी.

आमच्याकडे चौथीतलं पोरगं "पाठ सांग" म्हटलं की गप्प. वाटतं, याला काही येत नाही. खरी अडचण अशी की त्याला दोन कामं एकदम करावी लागतात. पाठ आठवायचा आणि तो पुस्तकी मराठीत बसवायचा. घरात, गल्लीत, शेतात सगळीकडे अहिराणी. मी म्हटलं, तू तुझ्या बोलीत सांग. जलचक्रावर एका पोराने सांगितलं, "सूर्यना तापघाई पानीनी वाफ व्हस. ती वर जास, तिना ढग व्हतस. मंग पानी पडस, नदीमा जास, आखो तेच." एकही टप्पा सुटला नव्हता. "आखो तेच", म्हणजे पुन्हा तेच, यात तर चक्र म्हणजे काय ते आलं. मग आम्ही दोघांनी मिळून ते प्रमाण मराठीत लिहिलं.

आठवण्याची मेहनत आधी आपल्या बोलीत होऊ द्यावी, भाषेची मेहनत मागून. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, जमेल तिथे, घरची भाषा शिकण्याचं माध्यम असावी असं म्हटलंय. पण धोरण येईल तेव्हा येईल, उद्याच्या तासाला कोण अडवतंय? सातपुड्यात पावरी बोलणाऱ्या पोरांना शिकवणारे मित्र आहेत, त्यांची अडचण माझ्याहून मोठी. मला निदान पोरांची बोली येते.

तलाठी_होणारच

सर, हे भारी आहे. आम्ही ग्रुपमध्ये पंचायतराज अहिराणीतच बडबडतो. लोक हसतात.

केळीवाला_रावेर

अभ्यासाचं ठीक आहे, पण काळजीचं जे लिहिलं ते मले काही पटलं नाही भो. मे-जूनमध्ये वादळ येतं. अर्ध्या तासात उभी बाग आडवी. घड कापणीला आलेले, व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं, आणि सकाळी बांधावर जाऊन बघावं तर झाडं मधून मोडलेली, घड मातीत. त्या रात्री झोप नाही लागली तर ती फसवणूक? सोसायटीचं कर्ज मी कागदावर लिहिलं तर ते कमी होईल का? आकडा अजून मोठा दिसेल. शहरात बसून मनाचे उपाय सांगणं सोपं आहे.

चहाटळ_अमळनेर

केळीवाले भाऊंना अनुमोदन. पण सर तसं म्हणाले नसावेत.

मनमोकळं_धुळे

मी समुपदेशनाचं काम करते. इथे कोणाला व्यक्तिगत सल्ला देणार नाही, पण विषय महत्त्वाचा आहे म्हणून लिहिते.

केळीवाले दादांचा मुद्दा बरोबर आहे. त्यांची काळजी खरी आहे आणि तिला कारण आहे. "सकारात्मक विचार करा" असं त्यांना सांगणाऱ्याला बांधावर उभं करावं. पण काळजीच्या आत दोन वेगळ्या गोष्टी असतात. पंचनामा झाला का, विमा कंपनीला मुदतीत कळवलं का, फोटो काढले का, सोसायटीत कोणाशी बोलायचं, ही एक. "माझ्याच नशिबी का", "लोक काय म्हणतील", "मागच्या वर्षी कपाशी लावली असती तर", ही दुसरी. पहिलीला उत्तर असतं, अपुरं का होईना. दुसरीला नसतं, म्हणून ती फिरत राहते. रात्री डोक्यात दोन्ही एकात एक गुंतलेल्या असतात आणि माणूस सगळ्यालाच "टेन्शन" म्हणतो. कागदावर आकडा कमी होत नाही, दादा. पण उद्या सकाळी कुठल्या ऑफिसात जायचं ते वेगळं निघतं.

या दुसऱ्या प्रकारच्या फिरत्या विचारांवर सुझन नोलन-होक्सिमा यांनी आयुष्यभर काम केलं. कॅलिफोर्नियात 1989 साली भूकंप झाला, त्याच्या आधीच त्यांनी योगायोगाने विद्यार्थ्यांची पाहणी केलेली होती. भूकंपानंतर पुन्हा पाहणी केली. संकट सगळ्यांवर आलं होतं, पण ज्यांना आधीपासून उदासी घोळवत बसायची सवय होती त्यांच्यात नंतर नैराश्याची लक्षणं जास्त दिसली.

आणि "विचारच करू नकोस" हा घरोघरी मिळणारा सल्ला तर उलटा बसतो. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर मोकळीक दिल्यावर, आधी दाबून धरणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्तच आलं. त्यापेक्षा थॉमस बोर्कोव्हेक यांच्या 1983 च्या अभ्यासातली पद्धत पेलण्यासारखी आहे. काळजीला रोज ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा द्यायची, अर्धा तास. दिवसभरात विचार आला की "संध्याकाळी" म्हणून पुढे ढकलायचा, आणि त्या अर्ध्या तासात खरंच बसायचं. फक्त अंथरुणात नाही. ओट्यावर, शेडमध्ये, कुठेही.

केळीवाला_रावेर

ताई, हे समजलं. पंचनाम्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या भाऊबंदात एकाने फोटोच काढले नव्हते, रडत बसला आणि मुदत गेली. अर्ध्या तासाचं बघतो. पण सहा वाजता बायको भाकरी टाकत असते आणि मी शेडमध्ये काळजी करायला चाललो म्हटलं तर काय म्हणेल ते तुम्हीच सांगा.

खान्देशी_सून

दादा, वहिनींनाही घेऊन जा. काळजी त्यांनाही आहे, फक्त भाकरी टाकता टाकता करतात.

माझा प्रश्न वेगळा. लिहून काढा, लिहून काढा सगळे म्हणतात. एकत्र कुटुंबात वही ठेवायची कुठे? माझी वही जाऊबाईंच्या हाती लागली तर जे लिहिलंय त्यापेक्षा मोठी काळजी उभी राहील. शिवाय मी लिहून बघितलं, तर हलकं वाटायच्या ऐवजी रडूच आलं. मग सोडून दिलं.

मनमोकळं_धुळे

ताई, वही जपायचीच नाही. लिहा आणि फाडून चुलीत टाका. उपयोग लिहिण्याचा आहे, साठवण्याचा नाही.

रडू आलं त्याचं नवल नाही. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या कठीण प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांचं मन आधीपेक्षा वाईटच होतं. फायदा पुढच्या महिन्यांत दिसला, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम लहान निघाला, म्हणून मी याला रामबाण म्हणत नाही. आणि तेच दुःख रोज तसंच उगाळून लिहिलं तर ते कागदावरचं घोळवणं झालं. "काय झालं" याच्याबरोबर "का झालं असेल, आता काय दिसतंय" हे येऊ लागलं तर चाललंय ते बरं चाललंय. नाही जमलं तर सोडा. कोणाजवळ तरी बोलणं हेही बाहेर काढणंच आहे.

आणखी एक, ठळक अक्षरांत वाचा. दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेलेली, कशातच रस नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर कागद-पेन पुरे नाही. डॉक्टर हवा. आपल्याकडे लोक "मन उदास आहे" म्हणत नाहीत. छातीत धडधडतं, हातपाय गळाले, डोकं जड आहे म्हणतात, आणि सलाईन लावून घरी येतात. "येड्यांचा डॉक्टर" या शब्दाला घाबरून महिने जातात. टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची फोनसेवा, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे.

आणि मोठा तज्ज्ञ जवळ नाही म्हणून हताश होऊ नका. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. 2017 मध्ये निष्कर्ष आले, नेहमीच्या उपचारापेक्षा फरक स्पष्ट होता. भेटींचा गाभा साधा होता: मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता छोटी छोटी कामं पुन्हा हातात घ्यायची.

रात्रपाळी_भुसावळ

रेल्वेत आहे, नाईट करतो. पोरगा बारावीला. तो परीक्षेच्या आदल्या रात्री दोन-अडीचपर्यंत जागतो आणि मी नाईटवरून येतो तेव्हा डोळे लाल करून पुन्हा पुस्तकात. झोपेबद्दल कोणी बोलेना म्हणून विचारतो. आणि मेमध्ये भुसावळला 45 च्या पुढे पारा, रात्री भिंती भाजतात, कूलरमध्ये पाणी टाकलं तर लाईट जाते. अशात झोप कुठून आणायची?

पुस्तकी_जळगाव

काका, झोपेचं मी लिहायलाच हवं होतं एवढं महत्त्वाचं आहे. 1924 सालीच जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. पाठ करून झोपले तेव्हा कितीतरी जास्त आठवलं, तेवढेच तास जागे राहिले तेव्हा बरंच गेलं. दोनच माणसं होती, पण पुढच्या शंभर वर्षांत झोप आणि स्मरणाचं हे नातं पुन्हापुन्हा दिसलं. पाठांतर झोपेत पक्कं होतं. पोराने दोनपर्यंत जे कोंबलं ते पक्कं व्हायलाच वेळ दिला नाही.

उन्हाळ्याचं उत्तर तुमच्याकडे माझ्याहून चांगलं असेल. गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकायचं, दुसरं काय. पण मेमध्ये अभ्यास पहाटे ठेवा आणि दुपारी बाहेर आग पडते तेव्हा झोपू द्या, त्यावरून बोलणी नकोत.

रोज थोडं की एका दिवशी ढीगभर, हेही बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लॉंगमन यांनी (1978) गट पाडले. रोज एक तास शिकणाऱ्यांना कीबोर्ड यायला एकूण सुमारे 35 तास लागले, रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे 50. तरी सगळ्यात नाराज कोण? रोज एक तासवाले. कारण दिवस जास्त लागत होते आणि आपण मागे पडलो असं वाटत होतं. पोरगा शेजारच्याचे तास मोजून घाबरत असेल तर हे त्याला सांगा.

आई_चाळीसगाव

विषयाला धरून आहे म्हणून इथेच विचारते. आमच्याकडच्या एका क्लासने मुलीच्या दहा बोटांचे ठसे घेतले, काही हजार रुपये घेतले आणि रंगीत फाइल दिली. त्यात लिहिलंय, मुलगी "श्रवण प्रकारची" आहे, तिला ऐकून कळतं, गणितात गती नाही, कला शाखा द्यावी. मुलगी सातवीत आहे. तेव्हापासून गणिताची वही उघडत नाही. म्हणते, माझ्या बोटातच नाही.

खडूफळा_शिंदखेडा

ताई, फाइल रद्दीत द्या. बोटांच्या ठशावरून बुद्धी किंवा कल सांगता येतो याला शास्त्रीय आधार नाही. "कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून" या कल्पनेवरचेही 2008 मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास चाळून बघितले. प्रकार पाडून त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो असा पुरेसा पुरावा सापडला नाही. आवड वेगवेगळी असते, ते खरं. पण भूमितीची आकृती कोणालाही बघावीच लागते आणि कविता कोणालाही ऐकावीच लागते.

गणितासाठी एक करा. एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने नकोत. व्याज, क्षेत्रफळ, सरासरी मिसळून द्या. ओळीने सोडवताना रीत कुठली हे ठरवावंच लागत नाही, वरचं बघून खाली उतरवता येतं. मिसळली की आधी चुका वाढतात. तेव्हा मुलीला सांगा की चुका वाढणारच आहेत, नाहीतर ती पुन्हा बोटांकडे बघेल.

आई_चाळीसगाव

सर, आभारी आहे. पैसे गेल्याचं दुःख नाही, तिच्या डोक्यातून ते वाक्य कसं जाईल हे बघते. आधी सोपी दोन मिसळून देते.

चहाटळ_अमळनेर

आमच्या आजोबांचा अंगठा कर्जाच्या कागदावर होता, त्यावरून सावकाराने आमचं भविष्य अचूक सांगितलं होतं. तेवढा एक ठसा शास्त्रीय.

तलाठी_होणारच

😂😂

सर, तुम्ही म्हणता तसं आत्ताच करून बघतो. पुस्तक बॅगेत आहे, खोटं बोलत नाही. 73वी घटनादुरुस्ती: 1992 ची, लागू 24 एप्रिल 1993. भाग 9, कलम 243 पासून. ग्रामसभा. महिलांना एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात निम्म्या. बारावी अनुसूची, 29 विषय. मुदत पाच वर्षं. राज्य निवडणूक आयोग. अजून काहीतरी आयोग आहे, ओठावर आहे, येत नाही.

खडूफळा_शिंदखेडा

29 विषय बरोबर, अनुसूची अकरावी. बारावी नगरपालिकांची, 74वी दुरुस्ती, 18 विषय. खात्रीने लिहिलेलं चुकलं ते बरं झालं. ठाम चूक दुरुस्त झाली की ती जास्त लक्षात राहते, असं बटरफील्ड आणि मेटकाफ यांना 2001 मध्ये दिसलं होतं. आयोग कोणता ते मी सांगणार नाही. दहा मिनिटं डोकं खाजवा.

केळीवाला_रावेर

वित्त आयोग. मी सरपंचकीला उभा होतो, पडलो, पण हे पाठ आहे.

खडूफळा_शिंदखेडा

अहो भाऊ, त्याला आठवू द्यायचं होतं ना!

तलाठी_होणारच

राज्य वित्त आयोग, कलम 243-आय. आता नाही विसरत. सर, उद्या 74वी टाकतो, पण केळीवाल्या काकांना आधी फोन ठेवायला सांगा.